खोड की दुखणे? : एका कुत्रीच्या तापाच्या वहीतून

इंग्रजी भाषेत 'डुलाली' असा एक शब्द आहे. डोके फिरलेल्या माणसाला तो लावतात. हा शब्द आपल्या नाशिकशेजारच्या देवळालीचा. एकोणिसाव्या शतकात देवळालीला गोऱ्या सैनिकांचा मुक्कामाचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी संपली की शिपाई इथे येऊन थांबत आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे हिवाळ्यातच सुटत. अवेळी येऊन पडलेल्याला महिनोन् महिने काढावे लागत. हाताला काम नाही, उकाडा, दारू, त्यात हिवताप. अशात कोणी विचित्र वागू लागला की सोबती म्हणत, याला 'डुलाली टॅप' झाला. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे शब्द वापरून झिजला. ताप गळून गेला आणि वेडेपणा तेवढा उरला.

व्युत्पत्तीची मौज म्हणून ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो गळून गेलेला ताप. वागणे बिघडले की आपल्याला वागणे दिसते, त्यामागचे अंग दिसत नाही. माणसाच्या बाबतीत निदान विचारता तरी येते. कुत्र्याच्या बाबतीत आपण थेट नाव ठेवून मोकळे होतो. आपल्या बोलीत ही नावे तीन आहेत : कुत्र्याला 'खोड' लागली, कुत्रे 'पिसाळले', किंवा त्याला 'बाहेरचे काही दिसते'. या तिन्ही नावांत एक सोय आहे. एकदा नाव ठेवले की पुढे शोधण्याचे कारण राहत नाही.

हा विषय माझ्याकडे आमच्या ठमीमुळे आला. मी पशुवैद्यक शिकलेले नाही. वाचत, विचारत, टिपणे काढत जे कळले ते इथे मांडते आहे. ठमी ही पंचवटीतल्या आमच्या गल्लीत जन्मलेली गावठी कुत्री. दीड वर्षाची असताना ती घरात राहायला आली आणि काही महिन्यांतच तिचे दुखणे सुरू झाले. दर पाच-सहा आठवड्यांनी ती खाणे सोडायची, पलंगाखाली जाऊन बसायची, हात लावला की गुरगुरायची. कधी हवेतल्या नसलेल्या माशीवर झडप घातल्यासारखे दात वाजवायची, फरशी चाटत राहायची. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तीन-चार दिवसांत सगळे ओसरायचे आणि ती पूर्वीसारखी शेपटी हलवत दारात यायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ताई, हिची दृष्ट काढा, नाहीतर सरळ म्हसोबाला नारळ वाढवा." मीठ-मोहरी ओवाळण्याला माझी हरकत नव्हती, ठमीचीही दिसली नाही. दवाखान्यांत एकीकडे जंताचे औषध मिळाले, एकीकडे यकृताचे टॉनिक, तर तिसरीकडे सांगितले की कुत्री लाडावली आहे, शिकवणारा माणूस ठेवा. आम्ही प्रत्येक वेळी पोहोचायचो तेव्हा ताप उतरलेला असायचा.

असे कुत्रे घरात असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. पाहुण्यांची पोरे आली की धाकधूक, गावाला जायचे तर कोणाकडे ठेवायचे ही चिंता, आणि घरातल्या घरात 'अजून किती दिवस' हा न बोललेला प्रश्न. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने असेच मधूनमधून चावरे होणारे लॅब्रेडॉर गंगापूर धरणाच्या रस्त्यावर नेऊन सोडले. माणसे वाईट नव्हती. थकली होती.

पिसाळण्याची गोष्ट आधी संपवते, कारण भीती तिथूनच सुरू होते. रेबीजची लक्षणे दिसू लागलेले कुत्रे साधारण दहा दिवसांच्या आत मरते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत यावरूनच आली आहे. म्हणजे जे दुखणे येते, जाते आणि महिन्याने पुन्हा येते, ते रेबीजचे नव्हे. लक्षण कितीही भयंकर दिसो, त्याचे पुन्हा येणे हाच इथे दिलासा असतो. अर्थात कुत्रे चावले तर जखम साबणाने धुऊन लस घ्यायचीच. वरचा तर्क कुत्र्याविषयी आहे, लस टाळण्याविषयी नाही.

आता 'खोड' या शब्दाकडे. कारण सापडले नाही म्हणजे कारण नाही, असे मानण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९२०च्या दशकात सुरू होते. इंग्लंड-अमेरिकेतली पाळीव आणि शिकारी कुत्री अचानक बिथरू लागली. चांगले बसलेले कुत्रे दचकून उठायचे, किंचाळत घरभर धावायचे, भिंतींना धडकायचे, कधी झटके येऊन पडायचे, आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही असे वागायचे. या विकाराला 'कॅनाइन हिस्टीरिया' म्हणत. कारणांची यादी लांबत गेली : जंत, कानातले किडे, जीवनसत्त्वांची उणीव, एखादा विषाणू, मांस कमी मिळणे, कुत्र्याचा मुळातला भित्रेपणा. वीस-पंचवीस वर्षे हे चालले.

एडवर्ड मेलनबी हे त्या काळी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे सचिव होते. मुडदुसावरचे त्यांचे प्रयोग कुत्र्यांच्या पिल्लांवरच झालेले, त्यामुळे कुत्र्यांच्या आहाराचा त्यांना सराव होता. १९४६ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये उत्तर दिले. दोष पावात होता, नेमके सांगायचे तर पिठात. गिरणीतले पीठ पांढरे आणि पावाला चांगले व्हावे म्हणून त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूची प्रक्रिया करत; व्यापारी नाव 'एजीन'. हे पीठ खाऊ घातले की थोड्याच दिवसांत कुत्र्याला झटके येत, प्रक्रिया न केलेले त्याच गव्हाचे पीठ दिले की येत नसत. पिठातल्या प्रथिनांवर त्या वायूची क्रिया होऊन मेथिओनिन सल्फॉक्झिमिन नावाचे विष तयार होते, हेही पुढे तीन-चार वर्षांत उलगडले. माणसांना त्यापासून अपाय झाल्याचे सिद्ध झाले नाही, तरी १९४९मध्ये अमेरिकेने ती प्रक्रिया बंद केली. ब्रिटनने पुढच्या दशकाच्या मध्याला. रोज सकाळी मालकाने मायेने टाकलेला पावाचा तुकडा आणि संध्याकाळचे वेड यांच्यात संबंध असेल, असे पाव शतक फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

नाशिकमध्ये एजीन नाही. आपल्याकडे गोचीड आहे.

आपल्या कुत्र्यांच्या अंगावर सर्रास दिसते ती तपकिरी गोचीड, र्हिपिसेफॅलस सँग्विनियस. लोकांना वाटते ती गवतातून येते. ही गोचीड मात्र घरात राहणारी आहे. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी, मग तिची मधली अवस्था, मग पूर्ण वाढलेली गोचीड, अशी तिन्ही वेळा ती कुत्र्याच्या अंगावर चढते, रक्त पिते, गळून पडते आणि पुढची वाढ भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, पलंगाच्या खाचेत पुरी करते. एक मादी दोन-चार हजार अंडी घालते आणि उपाशी गोचीड महिनोन् महिने तग धरते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती तिला वरदानच. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या घरात असतात. म्हणून नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही, जमिनीपासून छतापर्यंत भिंती पाहाव्या लागतात. त्या वर चढतात, हे मी स्वतः तुळईपर्यंत पाहिले आहे.

या गोचिडीच्या पोटातून कुत्र्याच्या रक्तात जे जीव जातात, त्यांतल्या काहींची पहिली ओळख जगाला आपल्याच देशातून झाली. हिपॅटोझून कॅनिस हा परजीवी १९०५ साली भारतातल्या कुत्र्यांत वर्णिला गेला. त्याची तऱ्हा न्यारी : गोचीड चावल्याने तो होत नाही, कुत्र्याने गोचीड खाल्ल्याने होतो. १९१० साली पॅटन या संशोधकाने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी पाहिला. आज त्याला बबेसिया गिब्सोनाय म्हणतात. तांबड्या पेशीत अंगठीएवढी खूण, तीही इतकी बारीक की नजर सरावलेली नसेल तर सुटते. तिसरा एर्लिकिया कॅनिस. हा जीवाणू १९३५ साली अल्जीरियात सापडला, पण त्याचा खरा दरारा कळला तो व्हिएतनामच्या युद्धात. १९६०च्या दशकाअखेर तिथे अमेरिकी सैन्याची कुत्री नाकातून रक्त वाहून मरू लागली. शेकडो गेली, त्यांत जर्मन शेफर्ड सर्वाधिक. या जातीची प्रतिकारशक्ती एर्लिकियापुढे तोकडी पडते, हे पुढे प्रयोगांनी दिसले.

एर्लिकियाचा प्रवास समजला की 'येते-जाते' या तक्रारीचे कोडे बरेच सुटते. गोचीड चावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, कुत्रे मलूल होते. दोन-चार आठवड्यांत औषधाशिवायही बरे दिसू लागते. इथेच फसगत होते. जीवाणू प्लीहेत दडून राहतो आणि महिने, कधी वर्षे, कुत्रे वरून ठणठणीत असते. मग एखादे बाळंतपण, शस्त्रक्रिया, दुसरा आजार किंवा नुसता मोठा ताण पुरतो. बबेसिया गिब्सोनायचेही तेच. उपचारानंतरही तो पुष्कळदा पूर्ण जात नाही, कुत्रे त्याचे कायमचे वाहक राहते. मोठ्या आकाराच्या बबेसियावर चालणारे नेहमीचे इंजेक्शन याच्यावर अपुरे पडते. त्याला वेगळी औषधे लागतात. एर्लिकियाचे डॉक्सिसायक्लिन तर साधारण चार आठवडे द्यावे लागते, आणि पाचव्या दिवशी कुत्रे उड्या मारू लागले की घरोघरी ते बंद होते.

तपासण्यांचेही असेच. रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहणे सर्वांत स्वस्त, पण जीव रक्तात फिरत असेल तेव्हाच उपयोगाचे, म्हणजे ताप असताना. तोही थेंब कानाच्या टोकाचा घेतला तर सापडण्याची शक्यता वाढते. अँटिबॉडीची झटपट पट्टी सांगते की चोर येऊन गेला. आत्ता घरात आहे का, ते सांगत नाही. पीसीआर सांगतो, पण प्लीहेत दडलेल्याला तोही चुकतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या वाक्याचा अर्थ म्हणून इतकाच : त्या दिवशी, त्या थेंबात, त्या पद्धतीने काही दिसले नाही.

ठमीला सहाव्या खेपेस तापाच्या पहिल्याच सकाळी नेले आणि डॉक्टरांना कानाच्या टोकाचे रक्त पाहण्याची विनंती केली. त्यांनी पाहिले. बबेसिया गिब्सोनाय निघाला. उपचारानंतरच्या वर्षभरात ताप दोनदाच आला.

येणाऱ्या-जाणाऱ्या तापाची आणखी एक कथा आपल्या मुलखाशी बांधलेली आहे. घोडे, उंट, गुरे आणि कुत्री यांना होणारा 'सर्रा' हा रोग गोमाश्यांसारख्या चावऱ्या माश्या पसरवतात. एका नामवंत अमेरिकी कोशानुसार इंग्रजीतला हा शब्दही मराठीतून गेला. मूळ अर्थ श्वासाचा सुंसूं आवाज. रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान इथे शोधला. त्याच्या अंगावर एका प्रथिनाचे कवच असते. शरीर ते कवच ओळखून हल्ला करते, ताप उतरतो. तोवर काही परजीवींनी कवच बदललेले असते. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो. पोलीस वर्णन जारी करतात तोवर गुन्हेगाराने सदरा बदलावा, तसे. कुत्र्यात ताप लाटांनी येतो, डोळे दुधाळ निळसर होतात, काहींना भान राहत नाही.

हा रोग माणसाला होत नाही, असे मानले जाई. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका शेतकऱ्याला महिनोन् महिने चढउतार ताप येत राहिला. त्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. पी. पी. जोशी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ही नोंद प्रसिद्ध केली. सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आले आणि रुग्ण बरा झाला. गावातल्या सुमारे अठराशे लोकांची तपासणी झाली, दुसऱ्या कोणाच्या रक्तात परजीवी मिळाला नाही. मग यालाच का? त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमाला मारणारे, बहुतेक माणसांत असणारे एपोएल-१ हे प्रथिनच जन्मतः नव्हते, असे २००६मध्ये उलगडले. 'अनाकलनीय' हा शेरा तिथे कोणी कागदावर मारून ठेवला असता तर विज्ञानाला हे कळले नसते.

तापाचा हिशेब लागला तरी ठमीचे हवेत दात वाजवणे चालूच होते. तापाच्या दिवसांशी त्याचा मेळ बसत नव्हता, हे वहीमुळे कळले. या लक्षणाला पूर्वी सरळ मेंदूचा विकार म्हणत, फार तर छोटी फेफरी. २०१२ साली मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी अशी सात कुत्री नीट तपासली. चित्रफितींत दिसले की दात वाजवण्याआधी प्रत्येक कुत्रे मान ताणून डोके वर करते. आणि सातही जणांच्या पचनमार्गात काही ना काही बिघाड निघाला. जमीन-भिंती चाटत राहणाऱ्या एकोणीस कुत्र्यांपैकी चौदांची हीच कथा. ज्याला आपण भ्रम म्हणतो ते घशाशी येणारे आंबट असू शकते. सात ही संख्या लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण ठमीचे दात वाजवणे बहुतेकदा पहाटे, रिकाम्या पोटी होत असे. ही नोंद दाखवल्यावर डॉक्टरांनी पोटाचे औषध दिले आणि रात्री झोपताना भाकरीचा चौथा घास राखून ठेवायला सांगितले. महिन्याभरात ते निम्म्याहून कमी झाले.

दुखण्यातून येणारा रागही असाच झाकलेला असतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात डॅनियल मिल्स कुत्र्यांच्या वर्तनाच्या तक्रारी पाहतात. त्यांच्या गटाने २०२०मध्ये लिहिले की अशा कुत्र्यांपैकी निदान एकतृतीयांशांत, काही यादींत तर ८० टक्क्यांपर्यंत, कुठले तरी शारीरिक दुखणे गुंतलेले असते. दिवाळी अंकात सांगायलाच हवी अशी त्यांचीच एक पाहणी २०१८ची आहे. आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांपैकी दहांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते. या दहांची भीती बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. दचकले की अंग आक्रसते, आक्रसले की कळ येते, आणि कुत्रे कळेचा दोष आवाजाला देते. तेव्हा पाच-सहा वर्षे फटाक्यांकडे दुर्लक्ष करणारे कुत्रे यंदाच मोरीत जाऊन लपले, तर त्याचे गुडघे-खुबे एकदा दाखवावेत.

वहीविषयी थोडे. ती शंभर पानी आहे, वाण्याकडची. रोज एक ओळ : खाल्ले किती, शी कशी, ताप किती, काय वेगळे केले, घरात काय घडले. ताप गुदद्वारातूनच मोजावा. नाक गरम लागले यावरून काही कळत नाही. कुत्र्याचे सामान्य तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला निरोगी कुत्रेही तापलेले वाटते. हिरड्यांचा रंग पाहावा. फिकट पडल्या तर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विचित्र वागण्याची फोनवर चित्रफीत काढावी, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रे ते करून दाखवत नाही. आणि विशेषणे लिहू नयेत. 'आज चिडकी होती' याचा डॉक्टरांना उपयोग नाही. 'उजव्या बाजूने उचलताना गुरगुरली, डावीकडून नाही' याचा आहे. डॉक्टर ठमीला वर्षातून तासभर पाहतात, बाकीचे तास आमच्याकडे आहेत. ठमीचे ताप बहुधा कशानंतर येतात, तेही वहीनेच दाखवले : नसबंदीची शस्त्रक्रिया, गणपतीतले ढोल, आम्ही चार दिवस बाहेर होतो तो आठवडा.

वही सोबत असली की आणखी एक होते. वाईट दिवस मनात मोठे होऊन बसतात. पाने उलटली की दिसते, मार्चमध्ये तीन होते आणि एप्रिलमध्ये एकही नाही. चावरे कुत्रे ठेवावे की नाही, किंवा दयामरण द्यावे का, असे प्रश्न ज्यांच्यापुढे आहेत त्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. काही दुखणी खरोखर असह्य असतात, काही घरांत लहान मूल असते. एवढेच म्हणेन की तो निर्णय वाईट रात्रीनंतरच्या सकाळी घेऊ नये, तीन महिन्यांच्या नोंदी पुढ्यात ठेवून घ्यावा.

ठमी आता सहा वर्षांची आहे. ताप आटोक्यात आहे, पोटाचेही बरे चालले आहे. भिंतीकडे तोंड करून उभे राहणे मात्र अजून आहे, महिन्यातून एक-दोनदा, दिवेलागणीला, दहा-बारा मिनिटे. डोळे, कान, रक्त, यकृत सगळे पाहून झाले. त्याचा तापाशी, जेवणाशी, पावसाशी मेळ बसत नाही. वहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आखला आहे. काकूंनी सुचवल्यावरून त्यात तिथीही लिहिते. अजून चार अमावास्यांची नोंद झाली, त्यांतल्या एका दिवशी ती उभी होती आणि तीन दिवशी नाही.